‘त्यांना सवय असते’ : उन्हातल्या श्रमाचा न लिहिलेला इतिहास

गेल्या वैशाखातली गोष्ट. अकलूज परिसरातल्या आमच्या महाविद्यालयाच्या आवारात एका नव्या इमारतीच्या पायाचे खोदकाम चालले होते. परीक्षांचे दिवस होते. आम्ही प्राध्यापक मंडळी पंख्याखाली उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. दुपारचा एक वाजून गेला होता आणि खिडकीतून दिसत होते की पुरुष अजून टिकाव मारताहेत, बाया डोक्यावर घमेली घेऊन ये-जा करताहेत. माझा एक सहकारी, माणूस सज्जन, फुले-आंबेडकरांवर व्याख्याने देणारा, बाहेर पाहत म्हणाला, “आपण दहा मिनिटं टिकणार नाही तिथं. पण त्यांना सवय असते.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

माझी आजी १९७२च्या दुष्काळात खडीवर होती. माझ्या वडिलांचे अर्धे आयुष्य दुसऱ्याच्या विहिरी खोदण्यात गेले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आणि तरीही मी मान डोलावली. ती मान का हलली याचा शोध घेता घेता हा लेख झाला. ‘सवय’ हा शब्द दिसतो तितका साधा नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास आपल्याकडच्या इतिहासकारांना लिहावासा वाटलेला नाही.

आधी या शब्दात खरे किती आणि खोटे किती ते पाहू. माणसाचे शरीर हे यंत्र म्हणून फार काटकसरी नाही. अन्नातून मिळणाऱ्या शक्तीचा पाचवा हिस्सा, फार तर चौथा, टिकाव उचलण्याच्या कामी येतो. बाकीची सगळी शक्ती उष्णता होऊन अंगातच राहते. म्हणजे खोदणारा माणूस बाहेरच्या उन्हात तर उभा असतोच, शिवाय स्वतःच्या अंगातला जाळही सोसत असतो. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. हवा अंगापेक्षा गरम झाली की ही उष्णता बाहेर टाकायला घाम वाळणे एवढाच मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. जड काम करणारा माणूस तासाला लिटरभर, कधी त्याहूनही जास्त घाम गाळतो. तो घाम कुठून येणार? प्यालेल्या पाण्यातूनच.

आता सवय. उन्हात रोज काम करणाऱ्याचे शरीर आठ-चौदा दिवसांत बदलते हे शरीरशास्त्राने सिद्ध केलेले आहे. त्याला घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जाते. काम सुटले की दोन-तीन आठवड्यांत ही सवय उतरते. ती रक्तातून येत नाही, बापाकडून मुलाकडे जात नाही, कुठल्या जातीची मिरासही नाही. पण यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सवय झालेल्या माणसाला घाम जास्त येतो, म्हणून त्याला पाणीही जास्त लागते. ज्याच्याकडे बोट दाखवून ‘त्याला सवय आहे’ असे आपण म्हणतो, त्याची पाण्याची गरज खिडकीत उभ्या असलेल्या माणसापेक्षा अधिक असते. आणि आपल्या समाजव्यवस्थेने नेमक्या त्याच माणसाच्या हातातून पाणी काढून घेतले होते. या एका मुद्द्यावरून गावगाड्याचा इतिहास पुन्हा तपासायला हवा असे मला वाटते.

महारकीच्या कामाला घड्याळ नव्हते. कुणाच्या मरणाची खबर पोचवायची, सरकारी लखोटा पुढच्या गावाला न्यायचा, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे, मेलेले ढोर ओढायचे. यांतले कोणतेही काम ऊन उतरेपर्यंत थांबत नसे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना बाबासाहेबांनी याच गोष्टीवर बोट ठेवले होते. वतनदार महाराला रात्रंदिवस केव्हाही बोलावता येते, आणि तो हजर नसेल तर त्याच्या घरातल्या माणसाला कामाला धरता येते. हे वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. त्या कामावर निघालेल्या माणसाला वाटेत तहान लागली तर? विहिरीला हात लावायचा नाही. थारोळ्यापासून दूर उभे राहून ‘पाणी वाढा, माय’ म्हणायचे, आणि कुणी वाढणारी येईपर्यंत उन्हात थांबायचे. आली तर ओंजळीत वरून धार. ओंजळीने माणूस किती पाणी पितो? तहान मोडण्यापुरते. गमावलेला घाम भरून निघण्याइतके नव्हे. आणि थांबण्यात जो वेळ जाई तोही उन्हातच जाई.

याचा अर्थ आपल्या माणसांना उन्हाशी वागायचे ज्ञान नव्हते असा नाही. उलट ते ज्ञान फार मोठे होते. तांबडे फुटायच्या आत कामाला लागायचे, दिवस डोक्यावर आला की लिंबाखाली पडायचे, ऊन कलले की पुन्हा उठायचे. पटक्याचे वेढे घट्ट न बांधता सैल बांधायचे. तोंड झाकून पदर घ्यायचा. भाकरीबरोबर कांदा आणि मिठाचा खडा. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. १९७१ साली बांगला निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे हजारो रोगी वाचवले आणि जगाला ते मोठे संशोधन वाटले. ते मोठे होतेच. पण मीठ, पाणी आणि पिष्ट एकत्र पोटात गेले की अंगात पाणी टिकते ही गोष्ट आंबील करणाऱ्या बाईच्या हातांना आधीच माहीत असावी. अडचण एवढीच की आंबिलीला ताक लागते आणि ताकाला दुभते जनावर. ताकाला जाऊन भांडे लपवू नये अशी म्हण आपल्या शालेय पुस्तकांतून शिकवतात. आमच्या वाड्यातल्या बायांना ते भांडे लपवायची सोयच नव्हती, ते दूर ठेवूनच मागे सरावे लागे. लिंबाची सावलीदेखील बांधाच्या मालकाची. म्हणजे ज्ञान आपले, पण ते वापरण्याची साधने, पाणी, ताक, सावली आणि वेळ, ही चारही दुसऱ्याच्या ताब्यात. उन्हातल्या श्रमाचा इतिहास म्हणजे माझ्या मते या चार गोष्टींच्या मालकीचा इतिहास होय.

या दृष्टीने महाडकडे पाहिले की एक अवघड प्रश्न समोर येतो. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. १९२७च्या मार्चमध्ये चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७चा मार्च यावा लागला. बाबासाहेबांनी स्वतः सांगितले आहे की ते पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, न पिता आजवर मेलो असेही नाही. आपण माणसे आहोत हे सिद्ध करायला तिथे जायचे आहे. या भूमिकेला बाध आणायचा माझा हेतू नाही. माणुसकीचा प्रश्न तहानेच्या प्रश्नाहून मोठा आहे हे ठामपणे सांगणे त्या वेळी अत्यावश्यक होते. पण आपण, त्यांच्यानंतरच्यांनी, त्या वाक्याच्या आधारे पाण्याचा शारीरिक प्रश्न जणू मिटवूनच टाकला. महाड हे आपण समतेचे पर्व म्हणून लिहिले. ते श्रमाचेही पर्व होते हे लिहायचे राहून गेले. पाणी न मिळाल्याने गावकुसाबाहेरचा कष्टकरी किती वर्षे आधी थकला, किती जणांना ‘ऊन लागले’ आणि ते परत आले नाहीत, याची नोंद कुठल्या दप्तरात आहे?

दप्तरे सरकारची होती आणि सरकारला मोजायचे होते ते वेगळेच. १८७६–७८च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात आष्टीच्या तलावाचे काम दुष्काळी काम म्हणून झाले. त्या दुष्काळात, १८७७च्या जानेवारीत, सर रिचर्ड टेंपल याने मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत असा हिशेब मांडला. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मुंबई इलाख्यात हजारो मजूर या मजुरीच्या निषेधार्थ कामे सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली, आणि मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी काम करणाऱ्या शरीराला याहून जास्त लागते असा वाद घातला. हा वाद धान्याभोवती फिरला. उन्हाळ्यात मुंबई सरकार महाबळेश्वरी मुक्काम हलवी, साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढायला माणूस ठेवलेला असे. म्हणजे उष्णतेने काम करणे जड जाते हे सरकारला पक्के ठाऊक होते. ते ज्ञान कचेरीपुरते होते, बांधावर पोचले नव्हते. पुढे तोच टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला.

आता अकलूजकडे येऊ. नीरेकाठचा हा मुलूख आज हिरवागार दिसतो. पाहुण्यांना कारखाना दाखवतात, ऊस दाखवतात. कालव्यापूर्वी माळशिरस तालुका कोरडवाहू होता. भाटघरचे लॉइड धरण १९२८ साली पूर्ण झाले, नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी या माळावर आले, आणि १९३०च्या दशकात माळीनगर आणि श्रीपूर इथे साखर कारखाने उभे राहिले. पुढे सहकाराचे युग आले. या प्रगतीचे इतिहास लिहिले गेले आहेत, गौरवग्रंथही निघाले आहेत. कालवा कुणी आणला हे त्यांत असते. कालवा कुणी खणला हे मात्र एका ओळीत, ‘हजारो मजुरांनी’. त्या हजारोंना जात नसते, तहान नसते.

उसाने या भागात उन्हाचा एक नवा प्रकार आणला. मोकळ्या रानात निदान वारा लागतो. उसाच्या फडात वारा शिरत नाही आणि ओलाव्याने घाम वाळत नाही. तो नुसता गळतो, अंग थंड करत नाही. गुऱ्हाळात काहिलीखाली जाळ घालणाऱ्या माणसाच्या पुढून जाळ आणि मागून ऊन. कारखान्याच्या आत रस उकळणाऱ्या विभागात बारमाही उन्हाळा. पण कारखान्याच्या आत एक गोष्ट वेगळी होती. तिथे कायदा पोचला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. १९३४च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ आणि हंगामी कारखान्यांत ६० तास काम घेता येत असे. ते अनुक्रमे ४८ आणि ५० वर आणले गेले. साखर कारखाने हंगामी. म्हणजे आपल्या भागातल्या कामगाराचे आठवड्याचे दहा तास एका कलमाने वाचले. अकलूज-माळीनगरकडच्या जयंतीच्या भाषणांत हे मी कधी ऐकलेले नाही. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने तर २५०हून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून दिले पाहिजे असे बंधन घातले. गार पाणी! ओंजळीत वरून धार घेणाऱ्यांच्या पोरांसाठी कायद्याच्या पुस्तकात हे दोन शब्द छापले गेले.

पण तो कायदा फाटकापर्यंत. फाटकाबाहेर ऊस तोडणारी माणसे, बीडकडून आणि नगरकडून आलेली, कारखान्याची कामगार मानली गेली नाहीत. ती मुकादमाची. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, मजुरी टनावर. हंगाम थंडीत सुरू होतो म्हणून उन्हाचा प्रश्न नाही असे कुणी म्हणेल, पण तो मार्च-एप्रिलपर्यंत लांबतो, आणि शेवटच्या महिन्यात उचल फिटायची असते म्हणून काम सर्वांत जोरात असते. टनावर मजुरी याचा अर्थ सावलीत घालवलेले प्रत्येक मिनिट स्वतःच्या खिशातून. पाणी प्यायला जाणे हाही खर्च. फडाला लागून पाट वाहत असतो, तरी पिण्याचे पाणी लांबून आणावे लागते.

अशाच मापाच्या कामावर १९७२ साली माझी आजी गेली. आपल्या चळवळीच्या इतिहासात १९७२ म्हणजे पँथरचे साल, ‘गोलपिठा’चे साल. मी ते वर्गात अभिमानाने शिकवतो. आजीचे १९७२ म्हणजे खडी. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत ती एक, सत्तावीस वर्षांची, बरोबर दहा वर्षांचा माझा बाप. मी तिला अलीकडे तासन्‌तास विचारत बसलो. ‘सुकडी’ची आठवण सगळेच सांगतात, ती मी लिहीत नाही. मला उन्हाबद्दल ऐकायचे होते.

ती सांगते, दगड काळा, नऊ वाजताच चटका द्यायचा. हाताला चिंध्या बांधायच्या, चिंध्यांचेच कडे करून त्यात दगड धरायचा, बुडाखाली ओले पोते. चांदण्या रात्री असल्या की या बाया मध्यान्ह रात्री उठून जात आणि उजाडायच्या आत निम्मे माप पुरे करत. दहा वाजेपर्यंत दिवसाचे काम संपे. ही त्यांनी स्वतः शोधलेली युक्ती, आणि आज उष्माघातावरच्या सरकारी पत्रकांत दुपारची कामे टाळा म्हणून जे सांगतात तेच. पण हजेरी घ्यायला मिस्त्री दुपारी येई. माप संपले तरी जागा सोडायची नाही, नाही तर खाडा. म्हणून त्या बाया काम संपवून, रिकाम्या हातांनी, दोन-दोन तास उन्हात बसून राहत. सावलीला काय होते विचारले तर म्हणाली, “झाडं व्हती कुठं? पाल्यासाठी ओरबाडलेली. चार काठ्यांवर लुगडं टाकायचं, त्यात पोरं निजवायची. आमी भायेर.”

आणि पाणी? कामावर रांजण होता. पाणी वाटायला एक म्हातारा ठेवलेला, त्याची हजेरी भरे. सगळ्या कामावरचे सर्वांत हलके काम तेच होते, सावलीतले. ते आमच्या वाड्यातल्या कुणा थकलेल्या म्हाताऱ्याला, पोटुशा बाईला कधी मिळाले नाही. कारण त्याच्या हातचे पाणी बाकीचे प्यायले नसते. अस्पृश्यतेला घटनेने बंदी घालून तेव्हा बावीस वर्षे झाली होती. आमच्या बाया स्वतःचे मडके नेत आणि माझा बाप नदीच्या झऱ्यातून ते भरून आणी, दिवसातून तीन खेपा. आजी म्हणते, “उनाचं काय न्हाय रं. ऊन सोसतंय. पोरगं झऱ्यावरनं येईस्तोवर दम निघायचा न्हाई.” खडी मोजली जाई ती ब्रासने. पौषातले माप आणि वैशाखातले माप एकच. जमीन तापून टणक झाली, अंगातले बळ निम्मे झाले, तरी मोजणाऱ्याच्या टेपला ऋतू माहीत नव्हता.

वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी याच दुष्काळातून राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामाचा हक्क देणारा तो देशातला पहिला कायदा, त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लेकरांची सोय ही कलमे तेव्हापासून कागदावर आहेत, आणि २००५च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टातही ती आली. मात्र मजुरी ठरली ती मापावर, सरासरी माणूस सात तासांत किती खोदेल या हिशेबाने. सरासरी माणूस कोणत्या महिन्यातला? आंध्र प्रदेशात या केंद्रीय कायद्याखाली उन्हाळ्याच्या महिन्यांत दरावर उन्हाळी भत्ता जोडत; म्हणजे तेवढ्याच मजुरीला कमी खोदावे लागे. मापाला ऋतू शिकवता येतो, याचा तो पुरावा.

‘सवय’ हे तत्त्वज्ञान केवळ आपल्या गावगाड्याचे नाही. अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थन करणारे डॉक्टर काळ्या माणसाचे शरीर उन्हासाठीच घडले आहे असे लिहीत. ज्या गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी झटलेल्या अमेरिकनांना जोतीरावांनी १८७३ साली आपले पुस्तक अर्पण केले, तीच ही. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल खाणींत १९२०च्या दशकात काळे मजूर उष्माघाताने मरू लागले, तेव्हा खाणमालकांच्या डॉक्टरांनी सवयीचा शास्त्रीय अभ्यास केला. आपण आज सवयीबद्दल जे जाणतो त्यातले बरेचसे तिथून आलेले आहे. त्या अभ्यासाचा उपयोग कोणता मजूर खाली पाठवता येईल हे निवडायला झाला. आणि गेल्या पंचवीस वर्षांत मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणारे तरुण पुरुष मूत्रपिंडे निकामी होऊन हजारोंनी मेले. मधुमेह नाही, रक्तदाबही नाही. वर्षानुवर्षे उन्हात जड काम आणि अपुरे पाणी हे त्यामागचे मोठे कारण असल्याचे आता मानले जाते. निकाराग्वातल्या चिचिगाल्पाजवळच्या एका वस्तीला ‘विधवांचे बेट’ असे नाव पडले. ही माणसे जन्मापासून त्याच उन्हात वाढलेली होती. सवय त्यांना नव्हती असे कोण म्हणेल? तिथे उपाय म्हणून जे केले ते असे: फडाबरोबर हलणारे तंबू, जवळ पाणी, आणि मजुरी न कापता सक्तीची विश्रांती. त्यानंतर मूत्रपिंडाची इजा कमी झाल्याचे आढळले.

आपल्या फडांतून अशी तपासणी झाली पाहिजे, ही मागणी संघटनांनी मजुरीवाढीच्या मागणीइतक्याच जोराने करावी. पण शिक्षक म्हणून मला एक काम तातडीचे वाटते आणि ते आपल्या हातातले आहे. यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या विद्यार्थ्यांना प्रबंधिकेऐवजी एक काम दिले आहे. घरातले, वाड्यातले जे कुणी १९७२च्या कामावर होते त्यांच्याजवळ बसायचे. दुष्काळ कसा होता असे मोघम विचारायचे नाही. रांजण कुठे होता, पाणी कोण वाटे, तुमचे मडके वेगळे होते का, हजेरी किती वाजता होई, माप कोण घेई, कामावर कोण पडले आणि त्याचे पुढे काय झाले, असे विचारायचे आणि ते ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत उतरवून घ्यायचे. वाचकांपैकी जे महाविद्यालयांत आहेत, वस्त्यांत काम करतात, त्यांनीही हे करावे. त्या वेळी पंचवीस-तिशीत असलेल्या बाया आज ऐंशीच्या घरात आहेत. आमच्या वाड्यातून आजीबरोबर खडीवर गेलेल्या अकरा जणी होत्या. त्यांतल्या दोघी उरल्या आहेत, आणि दुसरीला आता ऐकू येत नाही.